अर्धा तपास इथे, अर्धा तिथे: गुन्हेमालिकांच्या निर्मात्यांना आणि स्ट्रीमिंग सेवांना खुले पत्र

गुन्हेमालिकांचे निर्माते व लेखक, वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख आणि या मालिका घरोघरी पोचवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, दोन मालिकांनी मिळून सांगितलेल्या गुन्हेकथा आज प्रेक्षकाच्या हाती अर्ध्यामुर्ध्या पडत आहेत आणि हे थांबवणे तुमच्याच हातात आहे. एका मालिकेतले पोलीस दुसऱ्या मालिकेत जातात, तिथल्या पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून तपास करतात आणि पहिल्या मालिकेत झालेल्या खुनाचा छडा दुसऱ्या मालिकेत लागतो. अशा भागांना आपल्याकडच्या वाहिन्या महासंगम म्हणतात, तर अमेरिकी मालिका पाहणाऱ्यांमध्ये क्रॉसओव्हर हा शब्द रूढ आहे. माझी मागणी एवढीच आहे की, ज्या तपासाची सुरुवात एका मालिकेत आणि शेवट दुसऱ्या मालिकेत केला गेला, तो तपास प्रेक्षकाला योग्य क्रमाने, एकाच ठिकाणाहून आणि शेवटपर्यंत पाहता आला पाहिजे. उरलेला अर्धा भाग शोधत फिरण्याचे काम प्रेक्षकाचे नाही.

उदाहरण अशा एका जोडीचे घेतो, जिच्याइतके चांगले काम या प्रकारात क्वचितच झाले आहे. डिक वुल्फ यांची 'लॉ अँड ऑर्डर' न्यू यॉर्कमध्ये घडते. बॅरी लेव्हिन्सन आणि टॉम फोंटाना यांची 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' बाल्टिमोरमध्ये. दोन्ही मालिका एनबीसी या एकाच वाहिनीवर होत्या. 7 फेब्रुवारी 1996 रोजी 'लॉ अँड ऑर्डर'चा 'चार्म सिटी' हा भाग दाखवला गेला. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत हल्ला होतो, आणि बाल्टिमोरमधल्या एका चर्चवर पूर्वी झालेल्या हल्ल्याशी त्याचे साम्य असल्यामुळे तिथले फ्रँक पेम्बल्टन आणि टिम बेलिस हे डिटेक्टिव्ह न्यू यॉर्कला येऊन थडकतात. कटामागच्या माणसापर्यंत पोचायचे तर मात्र बाल्टिमोरलाच जावे लागते, आणि ती गोष्ट 9 फेब्रुवारीला 'होमिसाइड'च्या 'फॉर गॉड अँड कंट्री' या भागात पुढे सरकते. बुधवारी ज्यांनी पहिला भाग पाहिला त्यांना शुक्रवारी दुसरा कुठे लागणार हे ठाऊक होते, कारण वाहिनी तीच होती आणि मधल्या दोन दिवसांत तिने ते कानीकपाळी ओरडून सांगितले होते.

आज तीच गोष्ट पाहणाऱ्याचे काय होते ते पाहा. 'चार्म सिटी' संपतो, पडद्याच्या कोपऱ्यात पुढील भागाची चौकट उमटते, काही सेकंद उलटे मोजले जातात आणि 'लॉ अँड ऑर्डर'चा त्यानंतरचा भाग आपोआप सुरू होतो. त्यात नवे प्रेत असते, नवा संशयित असतो आणि भुयारी रेल्वेचे नावही कुणी काढत नाही. अधिकारी ब्रिस्को आणि कर्टिस जणू बाल्टिमोरला कधी गेलेच नव्हते. यंत्राच्या दृष्टीने सगळे बरोबर चाललेले असते, कारण त्याला फक्त भागाचा अनुक्रमांक कळतो. त्या अनुक्रमांकाला छेद देऊन गोष्ट दुसऱ्या मालिकेत गेली आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवे होते, आणि ते सांगणारा माणूस तुमच्याच कचेरीत बसतो.

एखाद्या मासिकाने रहस्यकथा 'क्रमशः' लिहून थांबवावी आणि तिचा शेवट दुसऱ्याच मासिकात छापावा, तर पहिल्या मासिकाने निदान त्या दुसऱ्या मासिकाचे नाव पानाच्या तळाशी द्यावे, अशी अपेक्षा कुणीही करील. तुमच्याकडून आम्हाला तेवढेही मिळत नाही. एका स्ट्रीमिंग सेवेवर मी अशाच एका दोन भागांच्या कथेचा पहिला भाग पाहिला. दुसरा त्या सेवेवर नव्हताच, आणि तो नाही हेही कुठे लिहिलेले नव्हते. भागाच्या वर्णनात दुसऱ्या मालिकेचा उल्लेख तर सोडाच, ही कथा अपूर्ण आहे एवढी सूचनाही नव्हती. पाहणाऱ्याला वाटावे की लेखकानेच गोष्ट वाऱ्यावर सोडली. जे लेखक असे मुळीच वागले नव्हते, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

हे भाग म्हणजे केवळ जाहिरातीची युक्ती असते, ती जपण्यात अर्थ काय, असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी ते नाकारत नाही. वर सांगितलेली जोडी फेब्रुवारीतली. याच दोन मालिकांची दुसरी संयुक्त कथा 'बेबी, इट्स यू' ही 12 आणि 14 नोव्हेंबर 1997 रोजी दाखवली गेली आणि तिसरी, 'साइडशो', 17 आणि 19 फेब्रुवारी 1999 रोजी. 'मॅग्नम, पी. आय.'मधल्या टॉम सेलेकच्या खाजगी गुप्तहेर मॅग्नमची 'मर्डर, शी रोट'मधल्या रहस्यकथालेखिका जेसिका फ्लेचरशी गाठ पडली ती नोव्हेंबर 1986 मध्ये. पुराव्यांच्या शास्त्रीय तपासाची 'सीएसआय' आणि बेपत्ता माणसांचा शोध घेणारी 'विदाउट अ ट्रेस' यांचा दोन भागांचा तपास नोव्हेंबर 2007 चा, आणि 'सीएसआय'च्या तिन्ही मालिकांमधून गेलेली कथा नोव्हेंबर 2009 ची. हा योगायोग नाही. अमेरिकेत फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांत प्रेक्षकसंख्येची विशेष मोजदाद होत असे, तिच्यावरून स्थानिक केंद्रांच्या जाहिरातींचे दर ठरत, आणि म्हणून प्रत्येक वाहिनी आपला हुकमी एक्का नेमका त्याच महिन्यात बाहेर काढत असे. पण ज्या कारणासाठी एखादी गोष्ट लिहून घेतली गेली, त्या कारणावरून तिची योग्यता ठरत नाही. वाहिनीला आकडे हवे होते आणि ते तिला मिळाले. लेखकांनी मात्र त्या निमित्ताने असे काही करून ठेवले जे एकट्या मालिकेत करताच आले नसते.

ते काय, हे जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण माझ्या मागणीचा सारा आधार त्यावर आहे.

'लॉ अँड ऑर्डर'चा भाग सरळ दोन हिश्श्यांत विभागलेला असतो. पहिल्या हिश्श्यात पोलीस तपास करतात, दुसऱ्यात सरकारी वकील खटला चालवतात. दृश्य बदलले की काळ्या पडद्यावर जागेचे नाव उमटते आणि तो ओळखीचा दुहेरी ठोका ऐकू येतो. या अधिकाऱ्यांच्या घरी काय चालले आहे ते आपल्याला जवळपास कळतच नाही. गुन्हा, पुरावा आणि निकाल एवढेच तिचे जग. 'होमिसाइड'चे तसे नाही. तिथे कॅमेरा हातात धरलेला, थरथरता असतो, एकच वाक्य कधी दोन-तीन कोनांतून पुन्हा दिसते, आणि कथेचा जीव असतो चौकशीच्या एका कोंदट खोलीत. त्या कचेरीच्या भिंतीवर एक फळा आहे. प्रत्येक डिटेक्टिव्हच्या नावाखाली मृतांची नावे लिहिलेली असतात: उलगडलेल्या खुनांची काळ्या शाईने, न उलगडलेल्यांची लाल शाईने. बेलिसला मिळालेले पहिलेच प्रकरण अडीना वॉटसन या अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाचे होते, आणि ते कधीच सुटले नाही. पुढे सगळे सीझन तो माणूस ते ओझे घेऊन वावरतो.

आता हा माणूस अशा मालिकेत पाऊल टाकतो, जिथे तासाभरात प्रकरण न्यायालयात उभे राहते. दोन पोलीस ठाण्यांमधली तेढ तर दिसतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुन्ह्याकडे पाहण्याच्या दोन रीती एकाच संशयितासमोर उभ्या राहतात. न्यू यॉर्कच्या पोलिसांची नजर खटल्यावर असते, कबुलीजबाब न्यायालयात टिकेल का याची काळजी त्यांना आधीपासून असते. पेम्बल्टनची नजर समोरच्या माणसावर असते. आंद्रे ब्राउर या नटाने ती भूमिका ज्या ताकदीने केली, ती पाहताना चौकशीची खोली कोणत्या मालिकेत आहे याने किती फरक पडतो हे लक्षात येते. जो पेम्बल्टन आपल्या बाल्टिमोरच्या कचेरीत राजासारखा वावरतो, तोच न्यू यॉर्कमध्ये पाहुणा असतो, त्याला परवानगी मागावी लागते, आणि त्याचा स्वभाव परवानगी मागण्याचा नाही. हे ज्याने 'होमिसाइड' पाहिलेली नाही त्यालाही जाणवते. ज्याने पाहिली आहे त्याला तर फार आत जाऊन भिडते.

याची नांदी आधीच्या वर्षी, 1995 मध्ये, एका छोट्या प्रसंगात झाली होती. 'होमिसाइड'च्या एका भागाच्या सुरुवातीला 'लॉ अँड ऑर्डर'चा माइक लोगन एका कैद्याला घेऊन बाल्टिमोरला उतरतो आणि त्याला पेम्बल्टनच्या ताब्यात देतो. कैदी मध्ये उभा, आणि हे दोघे आपापल्या शहराची बाजू घेऊन एकमेकांना टोमणे मारत आहेत. कथेशी त्याचा काही संबंध नाही. तरीही त्या दोन-तीन मिनिटांत दोन मालिकांची जगे एकच आहेत हे प्रस्थापित झाले, आणि पुढच्या तिन्ही संयुक्त कथा त्या पायावर उभ्या राहिल्या. पाया किती शांतपणे घातला गेला हे पाहण्यासारखे आहे. आजच्या कार्यक्रमप्रमुखांनी तो प्रसंग आवर्जून पाहावा.

'साइडशो'मध्ये तर दोन शहरांच्या भांडणात एका स्वतंत्र विशेष वकिलाची चौकशी येऊन पडते आणि खुनाचा साधा तपास राजकारणाच्या चिखलात रुतत जातो. ही कथा अर्धी पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे.

सगळे क्रॉसओव्हर या तोलामोलाचे नसतात, हे मी जाणून आहे. काही भाग केवळ नव्या मालिकेची ओळख करून देण्यासाठी लिहिलेले असतात. 2002 मध्ये 'सीएसआय'च्या एका भागातून 'सीएसआय: मायामी' जन्माला आली, 2003 मध्ये 'जॅग'च्या दोन भागांतून 'एनसीआयएस'. त्यात पाहुण्या पथकाचा इतका उदोउदो होतो की घरचे पथक स्वतःच्याच मालिकेत वाट दाखवण्यापुरते उरते. 2009 च्या त्रिखंडी कथेत लॉरेन्स फिशबर्नचा रेमंड लँगस्टन एका बेपत्ता तरुणीच्या शोधात मायामी, तिथून न्यू यॉर्क आणि शेवटी लास वेगास असा फिरतो. तिथे तपासाचा धागा जोडणारा तोच एक माणूस आहे, बाकीची पथके आपापल्या गावी थांबतात. माझ्या मते त्यापेक्षा 2007 ची 'विदाउट अ ट्रेस'बरोबरची देवाणघेवाण अधिक सकस होती, कारण तिथे 'विदाउट अ ट्रेस'चा जॅक मलोन वेगासला येतो आणि मग 'सीएसआय'च्या गिल ग्रिसमला न्यू यॉर्कला जावे लागते. दोघांनाही एकमेकांच्या अंगणात खेळायला लावल्याशिवाय अशा कथेला रंग चढत नाही. पण डावे-उजवे ठरवायचे तरी आधी पूर्ण पाहायला मिळाले पाहिजे. निकृष्ट भागही पूर्ण पाहूनच निकृष्ट ठरवण्याचा हक्क आम्हाला आहे.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 22 सप्टेंबर 2022 रोजी एनबीसीवर 'गिम्मी शेल्टर' ही तीन तासांची कथा सलग दाखवली गेली. त्या वाहिनीवर गुरुवारी आधी 'लॉ अँड ऑर्डर', मग तिच्यातूनच निघालेल्या 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' आणि शेवटी 'ऑर्गनाइझ्ड क्राइम' या मालिका असा रिवाज होता. त्या रात्री मात्र कथेच्या गरजेनुसार तो उलटा केला गेला: पहिला भाग 'ऑर्गनाइझ्ड क्राइम'चा, निकालाचा भाग 'लॉ अँड ऑर्डर'चा. अटक आधी आणि खटला नंतर हे तर्कशुद्धच आहे. पण जो आज 'लॉ अँड ऑर्डर'चा तो सीझन पहिल्या भागापासून सुरू करील, त्याच्यासमोर सर्वांत आधी या कथेचा तिसरा खंड येईल, कारण त्या सीझनचा पहिला भाग तोच आहे. शीर्षकात खंडाचा क्रमांक आहे हे खरे. पहिले दोन खंड कुठे आहेत हे मात्र पाहणाऱ्याने स्वतःच शोधायचे.

हे करणे अवघड आहे का? तुमच्याच व्यवसायातला जुना दाखला पाहा. 'होमिसाइड'च्या सगळ्या सीझनचा एकत्र डीव्हीडी संच निघाला तेव्हा त्यात 'लॉ अँड ऑर्डर'चे संबंधित भागही घातलेले होते. कुणीतरी बसून विचार केला, दुसऱ्या मालिकेच्या हक्कधारकांशी बोलणे केले आणि कथा पूर्ण करून ग्राहकाच्या हाती दिली. त्यानंतर ही मालिका वर्षानुवर्षे स्ट्रीमिंगवर आलीच नाही, आणि तिच्यात वापरलेल्या गाण्यांच्या हक्कांचा गुंता हे त्याचे मोठे कारण सांगितले जात असे. ऑगस्ट 2024 मध्ये ती अमेरिकेत 'पीकॉक' या स्ट्रीमिंग सेवेवर आली. म्हणजे शंभराहून अधिक भागांमधल्या एकेका गाण्याचा प्रश्न सोडवता येतो. मोजक्या भागांची जोडणी त्यापुढे काहीच नाही.

हक्क दोन वेगळ्या कंपन्यांकडे असले तर काय, हा प्रश्न उरतो. त्यावर जॉन मंचची आठवण करून देतो. रिचर्ड बेल्झर यांनी साकारलेला हा डिटेक्टिव्ह 'होमिसाइड'मधला. ती मालिका मे 1999 मध्ये संपली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मंच 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट'मध्ये न्यू यॉर्कच्या नोकरीवर रुजू झाला. पण त्याआधीच, 1997 मध्ये, तो 'द एक्स-फाइल्स'च्या एका भागात येऊन गेला होता, आणि ती मालिका फॉक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीची होती. पुढे 2008 मध्ये तो 'द वायर'मध्ये बाल्टिमोरच्या एका बारमध्ये बसलेला दिसतो, तो एचबीओवर. एका पात्राला घेऊन तीन वाहिन्यांचे वकील सहमत होऊ शकतात, तर 'या कथेचा पुढचा खंड अमुक मालिकेच्या अमुक भागात, अमुक सेवेवर आहे' एवढी ओळ लिहिण्याला कुणाची हरकत असणार? प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतल्याने एखादा ग्राहक तिकडे जाईल ही भीती मी समजू शकतो. पण अर्धवट कथा दाखवून त्याला इथेच धरून ठेवता येईल हा हिशेब चुकीचा आहे. फसवले गेल्याची भावना घेऊन गेलेला प्रेक्षक परत येत नाही.

म्हणून निर्मात्यांना आणि लेखकांना स्वतंत्रपणे सांगायचे आहे की, संयुक्त कथा ठरेल त्याच दिवशी तिच्या पुढच्या आयुष्याची तजवीज करा. करारात असे कलम असू द्या की, कथेचे सर्व खंड दोन्ही मालिकांबरोबर जातील, मग त्या मालिका कुठेही विकल्या जावोत. आणि कथा लिहितानाही याची जाणीव ठेवा. प्रकरण खरोखरच दोन अधिकारक्षेत्रांत पसरलेले असेल, एका पथकाकडे असलेल्या माहितीवाचून दुसऱ्याचे पाऊल पुढे पडतच नसेल, तेव्हाच ते दोन मालिकांमध्ये वाटा. 1986 च्या कथेत मॅग्नमवर खुनाचा आळ येतो आणि त्याच्या मालिकेतला भाग तिथेच थांबतो. त्याची सुटका जेसिका फ्लेचरच्या मालिकेत होते. हा सांधा पक्का आहे, कारण अडकलेल्या माणसाला स्वतःचा तपास करता येत नाही आणि त्याला बाहेरचे कुणीतरी लागतेच. असा सांधा नसेल तर पाहुण्या डिटेक्टिव्हला एका प्रसंगापुरते आणा, लोगनला आणले होते तसे, आणि तपास आपल्या घरीच पूर्ण करा.

आपल्याकडच्या निर्मात्यांनाही हे लागू आहे. 2012 मध्ये 'सीआयडी'चे एसीपी प्रद्युम्न आणि 'अदालत'चे के. डी. पाठक समोरासमोर आले, तेव्हा एक पोलीस आणि एक बचाव पक्षाचा वकील यांच्या दोन बाजू एका कथेत आल्या. ती कल्पना उत्तमच होती, कारण त्या दोन मालिकांचे कामच एकमेकांच्या विरुद्ध टोकांना चालते: एक आरोपी पकडून भाग संपवते, दुसरी आरोपीला निर्दोष ठरवून. अशा कथांची नोंद मालिकेच्या यादीत 'विशेष भाग' एवढ्या मोघम नावाने करू नका. कोणत्या मालिकांचा संगम, एकूण खंड किती आणि समोरचा खंड कितवा, हे तिथे स्पष्ट असावे. जिथे मालिका दुसऱ्या भाषेत आणल्या जातात तिथे आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. दोन मालिकांचे डबिंग दोन वेगळ्या चमूंनी केले, की एकाच पात्राचा आवाज, पदनाम, कधी नावाचा उच्चारसुद्धा दुसऱ्या खंडात बदलू शकतो, आणि तपास तोच आहे यावरचा विश्वास डळमळतो. निदान संयुक्त भागांसाठी दोन्ही चमूंनी एक संहिता समोर ठेवावी.

स्ट्रीमिंग सेवांच्या व्यवस्थापकांना माझी विनंती अशी आहे की, सुरुवात 'होमिसाइड' आणि 'लॉ अँड ऑर्डर'च्या त्या तीन कथांपासून करा. एकूण सहा भाग आहेत. ते एका यादीत, घडलेल्या क्रमाने लावा; 'चार्म सिटी' संपल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात 'फॉर गॉड अँड कंट्री'चे नाव येऊ द्या; आणि जिथे दुसरा भाग दाखवण्याचा हक्क तुमच्याकडे नसेल, तिथे पहिला भाग सुरू होण्यापूर्वीच तसे स्पष्ट लिहा, म्हणजे तो पाहायचा की नाही हे प्रेक्षक ठरवील. यावर आपण काय करणार आहात, हे जाहीरपणे कळवावे, ही अपेक्षा.

कळावे,

गुन्हेमालिका शेवटपर्यंत पाहणारा आपला एक प्रेक्षक